रँडी रोड्स : आईच्या शाळेतला विद्यार्थी



चरित्र लिहायचं म्हटलं की आपण समाजसुधारक, शास्त्रज्ञ, स्वातंत्र्यसैनिक यांच्याकडे वळतो. ते बरोबरच आहे. पण आज मी तुम्हाला एका अशा माणसाची ओळख करून देणार आहे, ज्याचा फोटो वर्गात लावला तर पालकसभेत दोन-तीन पालक नक्की विचारतील, की बाई, हा कोण?

खांद्यावर रुळणारे सोनेरी केस, अंगाने बारीक, गळ्यात ठिपक्याठिपक्यांची गिटार. मागे मोठमोठे स्पीकर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. या संगीताला हेवी मेटल म्हणतात. याच माणसाची दुसरी आवड होती युरोपचं शास्त्रीय संगीत, तेही हातात साधी लाकडी गिटार घेऊन, खुर्चीत बसून, समोर स्वरलिपीचा कागद ठेवून वाजवायचं. त्याचं नाव रँडी रोड्स. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर'नंतर 'एच' आहे, पण तो उच्चारायचा नाही.

मला हे नाव कसं कळलं ते आधी सांगते. माझ्या वर्गात सातवीचा एक मुलगा होता. केस कानावर आलेले. मी त्याला दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानेच बोलले. तो काही उलट बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र त्याने वहीच्या मागच्या पानावर काढलेलं गिटारचं चित्र दाखवलं आणि हे नाव सांगितलं. त्या रात्री मी ते नाव शोधून वाचत बसले, आणि सकाळी मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. का, ते पुढे कळेलच.

रँडीचा जन्म 6 डिसेंबर 1956 रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सांता मोनिका इथे झाला. तीन भावंडांतला तो सर्वांत धाकटा. आई-वडील दोघेही संगीताचे शिक्षक. तो जेमतेम दीड वर्षाचा असताना वडील घर सोडून गेले. त्यानंतर आईने, डेलोरस रोड्स यांनी, तिन्ही मुलांना एकटीने वाढवलं. मी त्यांना डेलोरसबाई म्हणणार आहे, कारण त्या बाईच होत्या, आपण शाळेत म्हणतो त्या अर्थाने. नॉर्थ हॉलिवूड भागात त्यांची स्वतःची संगीतशाळा होती, नाव म्युझोनिया. 1940 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या या शाळेवरच घर चालायचं. मोठा भाऊ, बहीण आणि रँडी तिथेच येता-जाता वाढले.

आता एक गंमत बघा. संगीतशाळा चालवणाऱ्या या घरात रेकॉर्ड लावून ऐकायचं यंत्र नव्हतं. आपल्याला वाटेल, मग मुलं गाणी ऐकणार कुठून? तर मुलं स्वतःच वाजवायची. संगीत हवं असेल तर ते आपल्या हातांनी काढायचं, अशी घरची सवय पडून गेली.

रँडी सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या हाती आजोबांची जुनी गिटार आली. म्युझोनियात तो लोकसंगीताची आणि शास्त्रीय पद्धतीची गिटार शिकू लागला. नोटेशन वाचता यावं म्हणून आईने त्याला पियानोलाही बसवलं. मुलांना हे कंटाळवाणंच वाटतं. आपल्याकडे पेटी शिकणाऱ्या मुलाला अलंकार घोटायला लावले की तो कसा तोंड वाकडं करतो, तसंच. पण पुढे हेच त्याच्या कामी आलं.

काही वर्षांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार हवीशी वाटली. या दोन गिटारींतला फरक मुलांना सांगायला हवा, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. शास्त्रीय गिटारला नायलॉनच्या तारा असतात आणि ती बोटांनी, नखांनी छेडतात. आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीतूनच घुमून बाहेर येतो. तिला वीज लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारला पोलादी तारा असतात. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तार हलली की त्या गुंडाळीत अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरमधून बाहेर टाकतो. अॅम्प्लिफायरला मुद्दाम त्याच्या ताकदीबाहेर ढकललं की आवाज फाटतो, खरखरीत होतो. हा फाटलेला आवाज म्हणजेच हेवी मेटलचा 'हेवी'पणा. विज्ञानाच्या तासाला चुंबक शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही, मुलं डोळे मोठे करून ऐकतात.

म्युझोनियात रँडीला इलेक्ट्रिक गिटार शिकवायला स्कॉट शेली नावाचे शिक्षक होते. काही काळाने ते डेलोरसबाईंकडे गेले आणि म्हणाले, की मला येत होतं तेवढं सगळं या मुलाला आता येतं, याला शिकवायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

शिक्षक मित्रांनो, मी इथे थांबले होते. आपल्यापैकी किती जण हे वाक्य म्हणू शकतील? डीएड करताना आम्हाला पाठटाचण, शैक्षणिक साधनं, मूल्यमापन सगळं शिकवलं, पण विद्यार्थी आपल्यापुढे गेला तर ते कबूल कसं करायचं, हे कुठल्या पाठात नव्हतं. आणि ते म्हणायचं कुणाला, तर ज्यांच्या शाळेत आपण नोकरी करतो त्या बाईंना, त्यांच्याच मुलाबद्दल. शेली यांचं नाव फार लोकांना माहीत नाही, पण या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला माणूस तोच आहे.

1971 साली रँडीने लाँग बीच इथे अॅलिस कूपर या कलाकाराचा कार्यक्रम पाहिला. लांब केस, भडक कपडे, नाट्यमय रंगमंच. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय व्हायचंय ते तिथे कळलं. शाळेत त्याचा केली गार्नी नावाचा जिवलग मित्र होता. रँडीने त्याला स्वतः बेस गिटार शिकवली, कारण बँड काढायचा तर बेस वाजवणारा कुणीतरी पाहिजे ना! मित्रालाच घडवायचं, असा सरळ हिशोब. या दोघांच्या धडपडीतूनच पुढे 'क्वायट रायट' हा बँड उभा राहिला.

या बँडची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तशी निराशेचीच आहे. लॉस एंजेलिसच्या क्लबांत ते वाजवायचे, गर्दी जमायची, पण अमेरिकेतली एकही रेकॉर्ड कंपनी त्यांना घेईना. 1978 च्या सुमारास त्यांचे दोन अल्बम निघाले, तेही फक्त जपानमध्ये. स्वतःच्या गावातल्या दुकानात स्वतःची रेकॉर्ड मिळत नाही, अशी अवस्था.

मग पोट कसं भरायचं? तर शिकवून. रात्री क्लबात वाजवायचं आणि दिवसा म्युझोनियात, आईच्या शाळेत, मुलांना गिटार शिकवायची. त्याच्याकडे शिकणाऱ्यांची रीघ असायची. मुलं आपापल्या आवडीचं गाणं घेऊन यायची, आणि ते शिकवायचं तर आधी आपल्याला आलं पाहिजे. म्हणून रँडी ते कानाने ऐकून उतरवायचा, त्याचे तुकडे पाडायचा, सोपं करून मुलाच्या बोटांत बसवायचा. आपली स्वतःची शैली शिकवता शिकवताच तयार होत गेली, असं तो पुढे सांगायचा. मला हे अगदी पटतं. अपूर्णांक मला स्वतःला खऱ्या अर्थाने कळले ते पाचवीला शिकवायला लागल्यावर. परीक्षेत गुण मिळाले होते, पण कळले नव्हते.

1979 साली इंग्लंडचे गायक ओझी ऑस्बॉर्न लॉस एंजेलिसमध्ये आले होते. 'ब्लॅक सॅबथ' या जगप्रसिद्ध बँडने त्यांना काढून टाकलं होतं. ते व्यसनात बुडालेले होते आणि नव्या बँडसाठी गिटारवादक शोधत होते. रँडीला जायची फारशी इच्छा नव्हती. ओळखीच्या एका वादकाने आग्रह केला म्हणून तो सरावाचा छोटासा अॅम्प्लिफायर घेऊन गेला. त्याने तारा जुळवल्या, बोटं मोकळी करायला थोडं वाजवलं, आणि तेवढ्यावरच त्याची निवड झाली! ही हकिकत ओझी यांनी पुढे अनेकदा सांगितली. परीक्षा अजून सुरूच झाली नव्हती आणि निकाल लागला होता.

रँडी इंग्लंडला गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आईच्या शाळेपासून इतका लांब राहणार होता. 1980 मध्ये 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हा अल्बम निघाला. बेस गिटारवर बॉब डेझली, ड्रमवर ली करस्लेक आणि कीबोर्डवर डॉन एरी. यातल्या एरी यांच्याबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या विषयाशी त्यांचा थेट संबंध आहे. त्यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठातून संगीताची पदवी घेतली होती आणि मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानो शिकले होते. म्हणजे लांब केसांच्या या टोळक्यात शास्त्रीय तालीम झालेला एक नाही, दोन जण होते. 'मिस्टर क्राउली' या गाण्याची सुरुवात ऐका. आधी एरी यांचा कीबोर्ड येतो, चर्चमधल्या ऑर्गनसारखा, गंभीर. मग गाणं सुरू होतं आणि पुढे रँडीची गिटार झेप घेते. वेगवान स्वरांच्या त्या ओळी ऐकताना त्यामागची तालीम कानाला जाणवते.

तसं हे दोन संगीतं एकत्र येणं नवीन नव्हतं. त्याच्या अकरा वर्षं आधी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डीप पर्पल' या बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं होतं. ती रचना त्यांचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांची होती. एका बाजूला सूटबूट घातलेले व्हायोलिनवादक, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं. याच जॉन लॉर्ड यांच्या जागेवर पुढे कोण आलं असेल? आपले डॉन एरी.

आपल्या कानांसाठी एक छोटी खूण सांगते. पाश्चात्त्य 'मायनर' स्केलचे स्वर आपल्या आसावरी थाटाशी जुळतात. त्यातला निषाद शुद्ध केला की 'हार्मोनिक मायनर' होतं, म्हणजेच आपल्या कीरवाणीचे स्वर. हेवी मेटलवाल्यांना ही दोन्ही स्केल फार प्रिय. रागाचं चलन, वादी-संवादी वगैरे तिकडे नाही, त्यामुळे त्यांना राग म्हणू नका, पण स्वर ओळखीचे लागतात. वर्गातल्या पेटीवर वाजवून बघा.

रँडीची आणखी एक सवय होती. स्टुडिओत एकदा वाजवलेला एकल तुकडा तो पुन्हा जसाच्या तसा वाजवायचा, मग तिसऱ्यांदा, आणि हे थर एकावर एक ठेवले जायचे. त्यामुळे आवाज भरीव व्हायचा. पण त्यासाठी प्रत्येक स्वर, प्रत्येक मींड तंतोतंत लक्षात हवी. सुचेल तसं वाजवून हे होत नाही. डोळे मिटून केस उडवणारा हा माणूस मनात आखलेलं काम करत होता.

याच अल्बममध्ये मोठमोठ्या गाण्यांच्या मधोमध एक छोटीशी रचना आहे. तिला एक मिनिटही लागत नाही. ना ड्रम, ना गाणं, ना फाटलेला आवाज. फक्त गिटार, शास्त्रीय पद्धतीने वाजवलेली. नाव आहे 'डी'. डेलोरसमधला डी. आईसाठी.

1981 मध्ये दुसरा अल्बम आला, 'डायरी ऑफ अ मॅडमॅन'. त्याचं शीर्षकगीत सुरू होतं ते शास्त्रीय गिटारवरच, आणि त्यावर क्यूबाचे संगीतकार लिओ ब्रौवर यांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका अभ्यासरचनेची छाप स्पष्ट दिसते. बघा, सरावाच्या पुस्तकातला धडा हजारो लोकांसमोर वाजणाऱ्या गाण्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी रँडीला सर्वोत्तम नवा वादक म्हणून निवडलं.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे.

दौरे सुरू झाले. रोज नवं शहर, रोज हजारोंची गर्दी. असे वादक दुपारी काय करत असतील? झोपत असतील, मजा करत असतील. रँडी टेलिफोन डिरेक्टरी उघडायचा. त्या शहरात क्लासिकल गिटार शिकवणारं कोण आहे ते शोधायचा, फोन करून वेळ ठरवायचा आणि फी भरून तासाला जाऊन बसायचा. रात्री ज्याच्या नावाने लोक ओरडत असत, तो दुपारी एखाद्या अनोळखी मास्तरांसमोर बोटं कशी ठेवायची ते विचारत असे. कधी कधी उलटंच व्हायचं म्हणे, शिकवणाऱ्यालाच त्याच्याकडून चार गोष्टी मिळायच्या आणि फी मात्र रँडीच देऊन यायचा.

हळूहळू त्याचं मन ठरत गेलं. काही वर्षं रॉक संगीत बाजूला ठेवायचं, विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आणि क्लासिकल गिटारची रीतसर पदवी मिळवायची. त्याने ओझींनाही हे सांगितलं. त्यांना ते कळेना. नाव, पैसा आत्ता कुठे मिळायला लागलाय आणि हा शाळेत जायचं म्हणतो! पण रँडी म्हणत होता ते खरंच होतं. ठरलेलं काम पूर्ण करून त्याला जायचं होतं.

तो मोठा कलाकार असूनही मी त्याला 'तो' म्हणतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पंचविशीतल्या पोराला 'ते' म्हणायला जीभ वळत नाही. आणि त्याचं वय त्याच्यापुढे गेलंच नाही.

18 मार्च 1982 रोजी टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल इथे कार्यक्रम झाला. पुढचा कार्यक्रम फ्लोरिडातल्या ऑरलँडोला होता. रात्रभर प्रवास करून 19 मार्चच्या सकाळी त्यांची बस फ्लोरिडातच लीसबर्गजवळ दुरुस्तीसाठी थांबली. त्या जागेला लागूनच छोटी धावपट्टी होती आणि तिथे एक लहान विमान उभं होतं. बसचा ड्रायव्हर विमानही चालवायचा. परवानगी न घेताच त्याने ते विमान काढलं. पहिल्या फेरीत दोघांना फिरवून सुखरूप परत आणलं. दुसऱ्या फेरीत रँडी बसला आणि त्यांच्या चमूतल्या, पोशाख व रंगभूषा सांभाळणाऱ्या एक बाई बसल्या. रँडीला विमानाची भीती वाटायची. तरी तो का गेला? आईला पाठवायला वरून फोटो काढता येतील म्हणून, असं सांगितलं जातं.

ड्रायव्हरने विमान उभ्या बसच्या अगदी जवळून, खालून नेलं. एका फेरीत पंख बसला घासला, विमान झाडावर आदळलं आणि शेजारच्या घराच्या गॅरेजमध्ये घुसून पेटलं. तिघेही जागीच गेले. बसमध्ये बाकीचे झोपले होते. त्यांत बेसवादक रुडी सार्झो होते, 'क्वायट रायट'पासूनचा सोबती, ज्यांनी रँडीबरोबर म्युझोनियातही शिकवलं होतं. धक्क्याने ते जागे झाले. चौकशीत विमान चालवणाऱ्याच्या शरीरात अमली पदार्थ सापडला. रँडीच्या शरीरात तसलं काही नव्हतं. मुलांना हे वगळून सांगायचं की सांगायचं, हा विचार मी बराच केला. आठवीच्या पुढे असतील तर सांगा.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे त्याचं दफन झालं. जाऊन त्याला आता 40 वर्षांहून जास्त काळ लोटलाय. त्याच्या नावाची गिटार कंपनी आजही बनवते, आणि 2021 मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नेही त्याची नोंद घेतली. 'डायरी ऑफ अ मॅडमॅन'नंतर तिसरा अल्बम काही त्याच्या वाट्याला आला नाही, आणि विद्यापीठही नाही.

डेलोरसबाईंनी शाळा बंद केली नाही. जगभरातून पोरं यायची, बहुतेक लांब केसांची, आणि म्युझोनियाच्या दारात उभी राहायची. बाई त्यांना आत घ्यायच्या, रँडीच्या वस्तू दाखवायच्या, बोलायच्या. 2012 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी त्या गेल्या.

सातवीतल्या त्या मुलाला मी नंतर केसांवरून बोलले नाही. नियम नियमच आहे, त्याने सुट्टीत कापून घेतले. त्याने मला ऐकायला सांगितलं ते मात्र मी ऐकलं आणि तुम्हीही ऐका. 1987 मध्ये रँडीच्या आठवणीत ओझींनी एक अल्बम काढला, त्यात अगदी शेवटी 'डी'च्या रेकॉर्डिंगच्या वेळचे, बाजूला टाकलेले तुकडे घेतले आहेत. आवाज कमी ठेवून ऐकलं तरी चालेल. रँडी सुरुवात करतो, कुठेतरी बोट चुकतं, थांबतो. स्टुडिओतल्या माणसाशी दोन शब्द बोलतो. आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागतो.